खून पडला आणि हसू फुटलं: काळ्या विनोदाच्या रहस्यकादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोकणातल्या गावचं वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि वीज असली तर एक पंखा. त्यातलं रहस्यकथांचं कपाट मी सांभाळते. गेली काही वर्षं त्या कपाटात अशा कादंबऱ्यांची भर पडत गेली, ज्यांत पहिल्या वीस पानांत कुणीतरी मरतं आणि वाचणारा मात्र हसत सुटतो. मग लोक विचारायला लागले. कुणी कुतूहलाने, कुणी काळजीने, एक-दोघं तर मला वेड लागलंय अशा सुरात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलंय.

खुनात हसण्यासारखं काय असतं?

हा प्रश्न पहिल्यांदा शेजारच्या काकींनी विचारला. जुलैचा पाऊस कोसळत होता, पागोळ्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि मी पडवीत पुस्तक घेऊन एकटीच हसत होते.

"काय गो, येकटीच काय हसतंस?"

"काकी, खून झालो हा."

"अगो बाय! कोणाचो?"

"पुस्तकातल्या सावकाराचो."

"मगे हसतंस कित्याक?"

"पंचनाम्याक इल्लो हवालदार मेलेल्याच्याच खुर्चेर बसान चाय पिता हा."

काकी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून बाकड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मगे? फुडे काय झाला?"

उत्तर एवढंच आहे. काकींना सावकाराचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना तो चहा पिणारा हवालदार दिसला, कारण असा माणूस त्यांनी पाहिलेला आहे. या कादंबऱ्यांत हसू मेलेल्याचं येत नाही. मेलेल्याभोवती जमलेल्या जिवंत माणसांचं येतं. रडता रडता कपाटाच्या किल्ल्या शोधणारी सून, "फार वाईट झालं" म्हणत जेवणाची वेळ विचारणारा पाहुणा, प्रेताला हार घालताना फोटोत आपण येतो की नाही हे बघणारा पुढारी. मरण मधोमध आलं की माणसाचे हिशेब उघडे पडतात, आणि हिशेब उघडे पडले की हसू येतंच.

याला मराठीत काय म्हणायचं?

'डार्क कॉमेडी' सगळे म्हणतात, म्हणा. 'काळा विनोद' हाही शब्द रुळलाय. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे. हास्याचा पांढरा आणि भयानकाचा काळा. दोन्ही कालवले तर राखाडी व्हायला हवं, पण चांगल्या पुस्तकात तसं होत नाही. पांढरं पांढरंच राहतं, काळं काळंच, आणि दोन्ही एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसतात. गुळमुळीत राखाडी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती मी मागच्या फळीवर ठेवते.

पण आपल्याकडे मरणाची थट्टा करत नाहीत ना? हे परकं नाही का?

असं म्हणणाऱ्याने स्वतःच्या तोंडातल्या म्हणी एकदा तपासाव्यात. माणूस गेला की त्याचे गोडवे सुरू होतात, तेव्हा आपण म्हणतो, "मेल्या म्हशीला मणभर दूध." कुणी दुसऱ्याच्या दुःखावर पोळी भाजली की "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं." हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा, इतकं भीषण आणि इतकं हास्यास्पद वाक्य कुठल्या कादंबरीकाराला सुचेल? "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो" ही तर अख्खी मालिका-खुनांची कादंबरी आहे. पहिली म्हातारी कुणाच्या खिजगणतीत नसते, गाव जागं होतं ते दुसरी गेल्यावर.

आणि "बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर." हा तर रहस्यकथेचा पाया. प्रेत दाखव, नाहीतर प्रकरण मिटव. एखादा फौजदार हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणाला तर वाचक लोळेल.

ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात इतकी मढी आहेत, तिला काळा विनोद परका कसा?

कोकणाशी याचा काय संबंध?

दशावतार पाहिला असेल तर हा प्रश्न पडू नये. आख्यान सुरू होण्याआधी संकासुर येतो. काळे कपडे, काळा बुरखा, मालवणीतली तिरकी बोली. वेद पळवणारा हा राक्षस, आणि प्रेक्षकांची सगळ्यात लाडकी असामी. तो देवाधर्माची, भटजीची, समोर बसलेल्या मानकऱ्यांची फिरकी घेतो, पोरं-थोरं पोट धरून हसतात. मग विष्णू येतो आणि त्याला मारतो. सगळ्यात जास्त हसवणारा तिथेच, डोळ्यांदेखत मारला जातो, आणि कुणाला त्यात विसंगत वाटत नाही. मांडावर बसलेल्या पाच वर्षांच्या पोराला हे कळतं.

पण माझ्या मते खरा धडा काकस्पर्शाचा.

माझ्या एका चुलत आजोबांचा दहावा. नदीकाठी पिंड मांडलेला, कावळा समोरच्या माडाच्या झावळीवर बसलेला, आणि खाली यायचं नाव नाही. उन्हं चढली. भटजींनी सुचवलं, काही इच्छा राहिली असेल, बोला. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "घर विकूचव नाय." कावळा ढिम्म. मधला म्हणाला, "धाकट्याक सांभाळतलव." कावळ्याने मान वळवली, पण समुद्राकडे. धाकटा म्हणाला, "कलमां वाटून घेवचव नाय." हे ऐकून थोरल्याच्या बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की वाटणी आधीच झालेली आहे हे सगळ्या नदीला कळलं. अर्धा तास हे चाललं. शेवटी मागे उभी असलेली पुतण्याची बायको हळूच म्हणाली, "तुमचो रेडिओ दुरुस्त करून ठेवतंव." कावळा झपकन उतरला.

त्याक्षणी सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. रेडिओ मोडला कुणी?

रहस्यकादंबरीच्या शेवटी गुप्तहेर सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करतो आणि एकेकाचं पितळ उघडं पाडतो. आमच्याकडे ते काम कावळा करतो, आणि त्याचं मानधन एक पिंड. त्या दिवशी कोण कोण काय बोललं आणि त्यातलं काय पाळलं गेलं नाही, हे मी अजून सांगू शकते. सांगत नाही, कारण कलमं अजून वादात आहेत.

ही 'कोझी' रहस्यकथाच ना?

सख्खी नाही, चुलत बहीण. 'कोझी'मध्ये रक्त दिसत नाही, गाव गोड असतं, शेवटी सगळे चहा पितात. काळ्या विनोदाच्या कादंबरीतही चहा असतो, फक्त तो प्यावा की नाही याची खात्री नसते.

याची सुरुवात कुठून झाली?

सरळ वंशावळ सांगता येत नाही, पण काही ठळक मुक्काम आहेत. आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ १८४१ सालच्या एडगर ॲलन पोच्या कथेपासून धरतात. (रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. म्हणजे रहस्यकथा जन्मायच्या आधी तिला ठेवायला कपाट आमच्याकडे तयार होतं.) गंमत म्हणजे खुनाकडे तिरकस बघणं त्याहून जुनं. १८२७मध्येच थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकाने खून ही एक ललितकला मानून तिचं रसग्रहण करणारा उपहासात्मक निबंध लिहिला होता.

मग १९३० साल. अगाथा ख्रिस्तीची गुन्हे उकलणारी म्हातारी, मिस मार्पल, पहिल्यांदा कादंबरीत आली ती या वर्षी, आणि त्या कादंबरीची सुरुवात बघा. गोष्ट सांगणारे स्वतः गावचे धर्मगुरू. जेवणाच्या टेबलावर मांस कापता कापता ते म्हणून जातात की अमुक कर्नलला कुणी मारलं तर जगावर उपकार होतील. पुढे तोच कर्नल त्यांच्याच घरात, त्यांच्याच अभ्यासिकेत मेलेला सापडतो. यात विनोद कुठला आणि पुरावा कुठला, हे वेगळं काढून दाखवा.

पुढच्याच वर्षी, १९३१मध्ये, फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने आलेल्या कादंबरीने खेळच उलटा केला. एक डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं. खुनी कोण हा प्रश्नच उरला नाही. उरलं ते त्या क्षुद्र, आत्मसंतुष्ट माणसाला आतून बघणं, आणि ते बघताना हसू आवरत नाही.

आणि रोआल्ड डालची १९५३ची ती कथा, जिच्यातली बायको नवऱ्याला गोठवलेल्या मेंढीच्या तंगडीने मारते, ती तंगडी भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना पोटभर वाढते. पोलीस जेवता जेवता हत्यार कुठे असेल यावर चर्चा करतात. सत्तर वर्षांची कथा आहे, रहस्य फोडल्याचं पाप लागणार नाही. आमच्याकडे हत्यार बर्फातली पाच किलोची सुरमई असती. पंचांनी तळलेल्या तुकड्या मागून घेतल्या असत्या आणि "मीठ जरा कमी आसा" असा शेराही मारला असता.

विनोदामुळे रहस्य पातळ होत नाही का?

उलट घट्ट होतं, पण लेखकाला हात हवा.

वाचक रहस्यकथा वाचताना सावध असतो. लेखकाने घड्याळाचं वर्णन केलं की तो ते लक्षात ठेवतो, दार उघडं राहिलं की कोपरा दुमडतो. मग पुरावा त्याच्यापुढून न्यायचा कसा? हसवून. माणूस हसला की त्याला वाटतं, या वाक्याचं काम झालं. विनोद वसूल झाला, पुढे चला. त्या वाक्यात विनोदाच्या पोटात आणखी काही होतं, हे दोनशे पानांनी कळतं.

उदाहरण मीच रचून देते. घरातल्या विसरभोळ्या काकांची सगळे चेष्टा करतात, की यांना चष्म्याशिवाय मीठ आणि साखर ओळखता येत नाही. पहिल्या प्रकरणात त्यांच्या चहात मीठ पडतं, सगळे हसतात, तुम्हीही हसता. दहाव्या प्रकरणात हेच काका साक्ष देतात की अंधारात त्यांनी अंगणात अमक्याला ओळखलं. तुम्ही ती साक्ष मान्य करता, कारण चष्म्याचा मुद्दा तुम्ही हसण्याच्या खात्यात टाकून मोकळे झालात. पत्तेवाल्याची हातचलाखी हीच. तो बोलतो मजेशीर, आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहता.

फसतं कधी? विनोद नुसता लावलेला असला तर. प्रत्येक पानावर कोटी, प्रत्येक पात्र हजरजबाबी, प्रेतापाशी उभे राहून सगळे एकाच आवाजात टोमणे मारतायत. अशा पुस्तकात कुणी मेलं तरी फरक पडत नाही, आणि फरक पडत नसेल तर रहस्य कशाचं? माझी कसोटी साधी आहे. पुस्तकात एक तरी माणूस मेलेल्यासाठी खरंच रडतो का? तो असेल तर बाकीच्यांवर हसायला मी मोकळी.

मेलेला माणूस नेहमी वाईटच का असतो?

सोय म्हणून. तो सावकार, खडूस म्हातारा किंवा छळवादी नवरा असला की वाचकाचं मन खात नाही आणि संशयितांची रांगही आपोआप लागते. पण ही सोय अती झाली की कंटाळा येतो. चांगले लेखक अर्ध्या वाटेवर काटा फिरवतात. सगळ्यांनी शिव्या घातलेल्या माणसाच्या कपाटात कुणा परक्या पोराच्या फीच्या पावत्या सापडतात. तिथे हसू घशात अडकतं, आणि लेखकाला ते तसंच अडकवायचं असतं.

याच्या उलटही होतं. ओयिनकान ब्रेथवेट या नायजेरियन लेखिकेची २०१८ची कादंबरी लागोसमध्ये घडते. धाकटी बहीण देखणी, लाडावलेली, आणि तिचे प्रियकर तिच्या हातून मरत जातात. थोरली नर्स आहे आणि दर वेळी फरशी पुसायला तिलाच जावं लागतं. खून बाजूला ठेवला तर ही घराघरातली तक्रार आहे. पसारा एकीने करायचा, आवरायचा दुसरीने, आणि आईने कौतुक पहिलीचं करायचं. आमच्याकडे हे पुस्तक तीन थोरल्या बहिणींनी सलग नेलं. तिघींनी परत करताना काही न बोलता माझ्याकडे बघून मान हलवली.

कोकणात घडणारी अशी कादंबरी लिहायची आहे. खून कुठे आणि कधी करू?

असं विचारणारे दोघे-तिघे आहेत, आणि लिहीत एकही नाही. तरी सांगते.

काळ पावसाळ्याचा घ्या. बंद जागा आणि मोजके संशयित ही या प्रकाराची जुनी गरज. इंग्रज लेखकांना त्यासाठी बर्फात अडकलेली आगगाडी किंवा एकाकी बेट शोधावं लागलं. आपल्याला जून पुरतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली. घाटात दरड आली की एस.टी. बंद. रुळावर माती आली की कोकण रेल्वे अडकते. वीज तर निमित्तच शोधत असते. मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, आणि आत मूठभर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला. तीनशे साठ वर्षांत तिथे एकही रहस्यकादंबरी घडू नये, हा आपल्या लेखकांचा आळस.

दुसरा मुहूर्त गणपतीचा. एरवी ओस असलेल्या घरात मुंबईहून अठ्ठावीस चाकरमानी उतरतात, संडास एक, आणि वर्षभर फोनवर गिळलेलं सगळं पाच दिवसांत बाहेर येतं. यात खून कमी का होतात, हेच खरं रहस्य आहे.

पोलीस येण्याआधी पोलीस पाटील येईल, हे विसरू नका. गावात संशयास्पद मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी त्याची. त्याची गोची अशी की मेलेला त्याचा चुलता, संशयित मेहुणा, आणि भजनात पेटी वाजवणारा एकमेव माणूस साक्षीदार. शेरलॉक होम्सला ही अडचण कधी आली नाही.

आणि कलम तपासा. १ जुलै २०२४पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. पण गावात सगळे "तीनशे दोन"च म्हणतात. तुमच्या हवालदाराने सवयीने ३०२ लिहून खोडलं, तर एवढ्या एका खाडाखोडीत त्याचं वय, नोकरी आणि कंटाळा दिसतो.

हेतू कुठला द्यावा?

सातबारा. याहून वेगळं काही शोधायची गरज मला अजून पडलेली नाही.

माझ्या पाहण्यातला एक उतारा आहे. जमीन अकरा गुंठे, नावं सतरा. त्यातले सहा वारलेले, एकाचा चाळीस वर्षं पत्ता नाही, आणि एक आजी दोनदा आहेत, एकदा माहेरच्या आडनावाने. वारसनोंद कुणी केलीच नाही. कागदावर ही मेलेली माणसं अजून शेतात उभी आहेत, आणि त्यांच्या सहीशिवाय जिवंतांना एक फणस विकता येत नाही. आता अशा जागी रस्ता किंवा हॉटेल येणार अशी नुसती कुणकुण लागू दे. त्या बेपत्ता माणसाने गणपतीला अचानक दारात येऊन "मीच तो" म्हणायचा अवकाश, तुमची कादंबरी सुरू. तो खराच तो आहे का, हा पहिला प्रश्न. तो परत गेला का नाही, हा दुसरा.

विषाच्या भानगडीत फार शिरू नका. वाचनालयात बसून लोक "कुठलं विष?" असं मोठ्याने विचारतात आणि बाकीचे खुर्च्या सरकवतात. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ख्रिस्तीच्या १९२०च्या पहिल्या कादंबरीतलं विष स्ट्रिकनीन. ते कुचल्याच्या बियांत असतं. कुचला म्हणजे आपल्या जंगलातला काजरा. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखान्यात काम करत होती, तिला औषधांची नावं पाठ होती. पण त्या इंग्रजी हवेलीतल्या खुनाचं झाड आपल्या आजोळच्या कुंपणापलीकडे उभं असेल, असं वाचताना मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भूत आणलं तर चालेल?

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यातला एक असा, की अलौकिक शक्तीने उकल करायची नाही. नियम योग्य आहे. वाचक दोनशे पानं डोकं खाजवतो आणि शेवटी देवचाराने मारलं म्हणायचं, ही फसवणूक.

पण भूत *असतं* असं गावाला वाटणं, यावर बंदी नाही. कोकणातल्या लेखकाचं सगळ्यात मोठं भांडवल हेच. रात्री कुणी दिसलं तर साक्षीदार सांगणारच नाही, कारण त्याच्या मते तो माणूस नव्हताच. खुनी निर्धास्त फिरू शकतो. २०१६ साली टीव्हीवर 'रात्रीस खेळ चाले' आली, तेव्हा घरोघरी हीच गंमत चालली होती. अण्णा नाईक जातात, पोरं वाड्यात गोळा होतात, वाटणीचा विषय निघतो, आणि माणसाने केलं की भुताने हे कुणालाच ठरवता येत नाही. मध्येच घरचा विसरभोळा गडी पांडू "इसारलंय" म्हणतो, आणि अंगावर आलेला काटा तसाच असताना माणूस हसतो. पांडूवर हसलेलं आठवत असेल तर या प्रकारच्या कादंबऱ्या तुम्हाला आवडतील.

मराठीत अशी पुस्तकं कमी का?

रहस्यकथा कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी माणसं दुकानापुढे उभी राहायची. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी हे माझ्या पिढीचे. विनोदी लेखनाला तर आपल्याकडे तोटाच नाही. पण ही दोन कपाटं वेगवेगळ्या भिंतींना लागून राहिली. रहस्यकथेत विनोद आला तर नायकाच्या जिभेवर आला, मरणाच्या खोलीत शिरला नाही. विनोदी लेखनात मरण आलं तर शेवटी डोळ्यांत पाणी आणायला. दोन्ही एका ताटात वाढायला आपण का बिचकलो, हे मला नीट कळलेलं नाही. घरी, तेराव्याच्या पंगतीत, आपण अजिबात बिचकत नाही.

मालवणीत लिहिलं तर चालेल?

संवाद जरूर. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर दोन्हींतली दरी कामाला येते. फौजदार घाटावरचा, साक्षीदार मालवणी. तो विचारतो एक, याला कळतं दुसरं, जबाबात उतरतं तिसरं. तिसऱ्यामुळे भलताच माणूस आत जातो. फक्त दर वाक्याला शिवी घातली की मालवणी झाली, असं समजू नका.

घरात नुकताच कुणी गेलं आहे. वाचू का?

थांबा. सहा महिने, वर्ष, जेवढं लागेल तेवढं. मी आई गेल्यावर हे कपाट जवळपास वर्षभर उघडलं नाही.

पण एकेकाचं वेगळं असतं, हेही पाहिलंय. एक काका बायको गेल्यावर महिन्याभरात आले आणि म्हणाले, "हसवणारं दे, पण खोटं हसवणारं नको." विनोदी पुस्तकं त्यांना नको होती, कारण त्यांत कुणी मरतच नाही. फ्रॉइडने सांगितलेला एक किस्सा मला तेव्हा आठवला. सोमवारी फासावर नेत असलेला कैदी म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली." काकांना मी ख्रिस्ती दिली. आठ दिवसांनी परत आले आणि धर्मगुरूचं नाव घेऊन हसले.

मुलांना द्यावं का?

बारा-तेरा वर्षांपुढे बिनधास्त. त्याआधी स्वतः चाळून बघा.

सुरुवात कशाने करू?

रहस्य आवडत असेल तर मिस मार्पलची ती १९३०ची. कुटुंबातली भांडणं आवडत असतील तर ब्रेथवेट, पुस्तक लहान आहे, दोन दुपारी पुरे. वयस्क वाचकांना मी रिचर्ड ऑस्मनची २०२०ची कादंबरी देते. निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे दर गुरुवारी जमून जुनी न सुटलेली प्रकरणं उकरतात. मुलं मुंबईला, गावात सगळे सत्तरीपुढचे, अशा आमच्या वाडीत ती कादंबरी हातोहात फिरते. दोन आजोबा तर हल्ली देवळाच्या पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा टिपतात म्हणे.

वाचायचा कंटाळा असेल तर 'जाने भी दो यारों' बघा, १९८३चा. प्रेताला द्रौपदीचा शालू नेसवून महाभारताच्या नाटकात उभं करतात. दशावतारात पुरुषांनी साकारलेल्या राण्या बघून वाढलेल्या आमच्या काकींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "लुगडा बरा नेसवल्यानी," एवढंच म्हणाल्या.

शेवट आधी कळला तर मजा जाते का?

नुसतं कोडं असेल तर जाते. पण या प्रकारातलं चांगलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना जास्त हसवतं. खुनी माहीत असतो, त्यामुळे तो इतरांचं सांत्वन करताना काय काय बोलतो ते ऐकण्यात वेगळीच मजा.

वाचनालयाच्या प्रतीत कुणी खुन्याचं नाव लिहून ठेवलं असेल तर?

ही तक्रार वारंवार येते. शिसपेन्सिलीने, समासात, बहुधा चाळिसाव्या पानाच्या आसपास: "हाच खुनी!!" अक्षर मी ओळखते, माणूस अजून पकडलेला नाही. सुरुवातीला मी खोडरबर घेऊन बसत असे. मग एकदा तपासून पाहिलं, तर सातपैकी पाच पुस्तकांत त्याने लिहिलेलं नाव साफ चुकीचं होतं. त्याने अंदाज बांधला, लिहून टाकलं आणि पुस्तक बहुधा पुरं न वाचताच परत केलं. त्यामुळे वाचणारे बिचारे शेवटपर्यंत भलत्याच माणसावर डोळा ठेवून बसतात आणि खऱ्या खुन्याने अलगद चकवल्यावर माझ्याकडे येऊन म्हणतात, काय लेखक आहे! आता मी खोडत नाही. उरलेल्या दोन पुस्तकांत मात्र मीच, त्याच्यासारखं अक्षर काढून, नाव बदललं आहे.